गुरुचरित्रातील रोगकथा : देह, संशय आणि श्रद्धा

(१)

संतचरित्रांतील रोगनिवारणाच्या कथांकडे पाहण्याच्या दोन रीती मराठी वाङ्मयाच्या अभ्यासात रूढ आहेत. पहिल्या रीतीनुसार ह्या कथा चरित्रनायकाच्या दिव्यत्वाची साक्ष होत. दुसऱ्या रीतीनुसार त्या लोकभ्रमाचे अवशेष होत. इतिहासकाराने त्यांतून स्थळे, व्यक्ती आणि तिथी एवढ्याच वेचून घ्याव्यात आणि उरलेला भाग बाजूस सारावा. ह्या दोन रीती परस्परविरुद्ध दिसल्या, तरी एका बाबतीत त्या समान आहेत. दोहोंतही रोग्याची विचारपूस कोणी करीत नाही. पहिलीचे सारे लक्ष गुरूवर असते, दुसरीचे कालनिर्णयावर. रोगी कोणत्या अवस्थेत आला, त्याला काय करावयास सांगितले गेले आणि बरा झाल्यावर त्याचे पुढे काय झाले, हे प्रश्न बहुधा अनुत्तरित राहतात.

सरस्वती गंगाधराचे गुरुचरित्र हा ह्या प्रश्नांच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाचा ग्रंथ आहे. सोळाव्या शतकात रचलेला हा ओवीबद्ध ग्रंथ श्रीपाद श्रीवल्लभ आणि नृसिंहसरस्वती ह्या दोन दत्तावतारी पुरुषांचे चरित्र सांगतो. नृसिंहसरस्वतींचा जन्म वऱ्हाडातील कारंजा येथला. कृष्णाकाठी औदुंबर व नरसोबाची वाडी येथे वास्तव्य करून ते भीमा आणि अमरजा ह्यांच्या संगमावरील गाणगापूर येथे स्थिरावले. त्यांच्या प्रयाणाचे बहुधान्य संवत्सर परंपरेने शके १३८० मानले जाते. त्यानुसार ही घटना इ. स. १४५९ च्या आरंभी येते. ग्रंथकर्ता हा नृसिंहसरस्वतींचे शिष्य सायंदेव ह्यांच्या वंशातील पाचवा पुरुष. म्हणजे चरित्रातील घटना आणि त्यांची नोंद ह्यांत काही पिढ्यांचे अंतर असले, तरी ती नोंद एका शिष्यकुलाच्या स्मृतीतून उतरलेली आहे. ह्या स्मृतीत रोगकथांना मिळालेले स्थान मोठे आहे. पोटशूळ, क्षय, कुष्ठ, पिशाचबाधा, वंध्यत्व, स्फोटक असे नाना विकार तीत येतात.

ग्रंथाची चौकटसुद्धा एका पीडिताचीच आहे. नामधारक हा शरीराने थकलेला आणि मनाने खिन्न झालेला भक्त गुरूच्या शोधात निघतो; आपली उपेक्षा झाली म्हणून तो गुरूला बोलही लावतो. वाटेत भेटलेला सिद्ध त्याच्या दुःखाचे मूळ त्याच्या संशयात आहे असे निदान करतो आणि उपचार म्हणून त्याला चरित्र ऐकवतो. अवघा ग्रंथ हा अशा रीतीने एका रोग्याशी चाललेला संवाद आहे. आतल्या आणि बाहेरच्या व्याधीचा हा संबंध ग्रंथकाराने कसा लावला, हेच प्रस्तुत विवेचनाचे सूत्र होय.

(२)

ह्या कथांमागील वैद्यकीय आणि सामाजिक भूमिका प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे तीन प्रकार सांगितले आहेत : मंत्र, बली, उपवास, तीर्थगमन इत्यादींची दैवव्यपाश्रय चिकित्सा, आहार आणि औषधद्रव्ये ह्यांच्या योजनेची युक्तिव्यपाश्रय चिकित्सा, आणि अहितकर विषयांपासून मनाला आवरण्याची सत्त्वावजय चिकित्सा. शास्त्राने ह्या तिन्ही एकाच पंक्तीत बसविलेल्या असल्यामुळे औषध आणि श्रद्धा ह्यांतील आजचा विरोध त्या काळच्या रोग्याच्या मनात नव्हता. वैद्य झाला, मग क्षेत्र झाले, मग सत्पुरुष झाला, असा त्याचा प्रवास असे. गुरुचरित्रातील रोगी बहुधा ह्याच क्रमाने गाणगापुरास पोहोचतात. वैद्याचा अधिक्षेप ग्रंथात नाही. वैद्याचे उपाय थकले, एवढेच सांगितलेले असते.

परंतु शास्त्राने रोगाला आणखी एक अर्थ दिला होता. कुष्ठाच्या कारणांत चरकाने विरुद्ध आहाराबरोबर पापकर्माचीही गणना केली आहे. कर्मविपाकाच्या ग्रंथांनी हा विचार पुष्कळ पुढे नेला आणि एकेका व्याधीस पूर्वजन्मीचे एकेक पाप जोडून दिले. धर्मशास्त्राचा व्यवहारही तसाच कठोर होता. याज्ञवल्क्यस्मृतीने असाध्य रोग जडलेल्यास वारसाहक्कातून वगळून केवळ पोषणाचा अधिकारी ठरविले. परिणामी कुष्ठी मनुष्य तिहेरी संकटात सापडे. देह झिजे, समाज त्याला दूर लोटी, आणि हे सारे आपल्याच पापाचे फळ आहे ही समजूत त्याला आतून पोखरी. ह्यांपैकी केवळ पहिल्या दुःखावर औषध चालले असते, तरी उरलेली दोन तशीच राहिली असती. गुरुचरित्रातील रोगकथा ह्या उरलेल्या दोन दुःखांविषयी विशेष बोलतात.

(३)

पहिली कथा तेराव्या अध्यायातील, गोदातीरीच्या वासर क्षेत्राची. पोटशुळाने ग्रासलेला एक ब्राह्मण गळ्यात धोंडा बांधून नदीत उडी टाकण्याच्या बेतात आहे. अन्न हेच त्याचे वैरी झालेले आहे. पंधरवडा, महिना लोटल्यावर तो कधी एकदा जेवतो. गुरू त्याला आत्महत्येच्या पापापासून परावृत्त करतात आणि दिव्यौषध म्हणून जे सांगतात ते चमत्कारिक आहे. त्याने पोटभर जेवावे, असा तो उपचार होय. त्याच वेळी तेथे आलेल्या सायंदेवास गुरू ह्या रोग्याला आपल्या घरी भिक्षेसाठी नेण्यास सांगतात. यवनाच्या पदरी अधिकारी असलेला हा गृहस्थ भयभीत होतो. जेवून ब्राह्मण मेला तर हत्येचे पातक आपल्या माथी येईल, ही त्याची शंका. तरीही तो आज्ञा पाळतो, पक्वान्नांचे भोजन होते आणि व्यथा नाहीशी होते.

रोग्याला येथे भोजन मिळाले, परंतु ते पंक्तीत मिळाले. ज्याने मरणासाठी एकांत शोधला होता, त्याला एका कुटुंबाच्या पानावर बसविण्यात आले. यजमानालाही आपले भय बाजूस ठेवावे लागले. म्हणजे श्रद्धेची परीक्षा एकट्या रोग्याची झाली नाही. त्याला जवळ करणाराचीही झाली.

दुसरी कथा चाळिसाव्या अध्यायातील नरहरी ह्या कुष्ठी ब्राह्मणाची. सकाळी कोणी आपले तोंड पाहू इच्छीत नाही, हे त्याचे गाऱ्हाणे आहे. व्रते आणि तीर्थे ह्यांनी काही साधले नाही. गुरू त्याला सर्पणासाठी आणलेले औदुंबराचे एक वाळके लाकूड देतात, ते संगमावर रोवून त्रिकाळ पाणी घालावयास सांगतात आणि त्याला पालवी फुटेल तेव्हा पाप जाईल असे आश्वासन देतात. लोक त्याची थट्टा करतात. तुझे दुःख दूर होणे नाही, हेच सुचविण्यासाठी स्वामींनी लाकूड दिले, अशी त्यांची व्याख्या असते. नरहरी उपाशीपोटी पाणी घालीत राहतो. शेवटी गुरू तेथे येऊन कमंडलूतील उदक शिंपडतात, लाकडाला पालवी फुटते आणि ब्राह्मणाचे शरीर निर्मळ होते.

ह्या कथेत श्रद्धा म्हणजे एखाद्या विधानास दिलेली मान्यता नव्हे. लाकूड हिरवे होणारच, असे नरहरीने कोणास पटवून दिलेले नाही. श्रद्धा येथे रोज करावयाचे एक काम आहे आणि त्या कामाला वेळापत्रक आहे. ज्याला स्वतःच्या देहाविषयी आशा उरलेली नाही, त्याच्या हाती दुसऱ्या एका निर्जीव वस्तूचे संगोपन सोपविले जाते. चरकाच्या परिभाषेत सांगावयाचे तर दैवव्यपाश्रय उपायाच्या वेषात ही सत्त्वावजय चिकित्साच होय. कारण सारे दिवस स्वतःच्या व्याधीकडे लागलेले मन तिच्यापासून काढून अन्यत्र गुंतविण्यात आले आहे.

तिसरी कथा पंचेचाळिसाव्या अध्यायातील असून तीत हा विचार परिपक्व झालेला दिसतो. नंदी नावाच्या ब्राह्मणाच्या सर्वांगास श्वेतकुष्ठ आहे. तो तुळजापुरी भवानीची तीन वर्षे आराधना करतो. स्वप्नात देवी त्याला चंदला परमेश्वरीकडे जाण्यास सांगते. तेथे काही महिने काढल्यावर पुन्हा दृष्टांत होतो की, गाणगापुरास मनुष्यरूपाने त्रिमूर्ती नांदत आहे, तिकडे जा. नंदी संतापतो. मनुष्याकडेच पाठवावयाचे होते, तर इतकी वर्षे देवीने कष्ट का करविले, असा त्याचा प्रश्न आहे, आणि तो अगदी स्वाभाविक आहे. अखेर तो गाणगापुरास येतो. गुरू त्याच्या मनातील किंतू ओळखून तो बोलून दाखवितात, नंतर संगमस्नानास पाठवितात. स्नान व अश्वत्थप्रदक्षिणा होताच अंगावरील कोड जाते. मात्र मांडीवर थोडा डाग शिल्लक राहतो.

हा शिल्लक डाग हे गुरुचरित्रकाराचे सर्वांत मार्मिक निरीक्षण आहे. केवळ गुरुमाहात्म्य वाढविणे हाच हेतू असता, तर चमत्कार अपुरा ठेवण्याचे कारण नव्हते. डाग उरला, कारण संशय घेऊन तो आला होता, असा खुलासा केला जातो. परंतु त्याहून महत्त्वाचा आहे तो पुढचा उपचार. नंदीला पुन्हा स्नान किंवा उपवास सांगितलेला नाही. त्याला कवित्व करावयास सांगितले आहे. आपणास लिहिणेवाचणे येत नाही, असे तो म्हणतो. गुरू त्याच्या जिभेवर विभूती घालतात, त्याला वाणी स्फुरते, आणि कवित्व घडल्यावर उरलेले कोडही जाते. नरहरीच्या कथेचा शेवटही असाच आहे. तो बरा होताच स्तोत्र रचतो आणि त्याला योगेश्वर हे नवे नाव मिळते.

दोन्ही कुष्ठी शेवटी कवी होतात, ही गोष्ट केवळ योगायोगाची मानता येत नाही. ज्याचे मुख पाहणेही लोक टाळीत, त्याच्या मुखातून निघालेले शब्द इतरांनी ऐकावेत आणि पाठ करावेत, ही त्याच्या सामाजिक मरणाची नेमकी उलट बाजू आहे. कातडी स्वच्छ होणे हा ग्रंथकाराच्या दृष्टीने आरोग्याचा एक टप्पा होता. रोगी बोलू लागला आणि त्याचे बोलणे मानले गेले, म्हणजे आरोग्य पूर्ण झाले. संशयाचा अर्थही ह्यावरून स्पष्ट होतो. संशय म्हणजे दुभंगलेले मन. स्वतःच्या दुःखाला दुसऱ्याशी जोडणारी वाणी सापडली, की ते सांधले जाते.

(४)

ग्रंथातील शेवटची मोठी रोगकथा राजाची आहे आणि तिच्यामुळे चरित्र व इतिहास ह्यांची गाठ पडते. श्रीपाद श्रीवल्लभांची सेवा करणाऱ्या एका परिटाच्या मनात राजवैभवाची इच्छा उत्पन्न झाली. पुढील जन्मी तू वैदुरनगरात यवनकुळात राजा होशील, असा वर त्याला मिळाला. ही कथा नवव्या अध्यायात येते. पन्नासाव्या अध्यायात तोच राजा मांडीवरील स्फोटकाने व्याकूळ झालेला दिसतो. वैद्यांचे उपाय हरतात. ब्राह्मणांच्या सल्ल्याने तो पापविनाशी तीर्थावर जातो, तेथील यतीच्या सांगण्यावरून सत्पुरुषाचा शोध घेत गाणगापुरास पोहोचतो. गुरू त्याला पूर्वजन्मीच्या परीट ह्या नावाने हाक मारतात. राजास पूर्वस्मृती होते आणि तो लोटांगण घालतो. काही वेळाने त्याला स्फोटकाची आठवण होते. गुरू तो दाखविण्यास सांगतात, तेव्हा तो जाग्यावर नसतो.

वैदुरनगर म्हणजे बीदर. हा राजा बहमनी सुलतान अलाउद्दीन अहमदशाह दुसरा (कारकीर्द १४३६ ते १४५८) असावा, असे अभ्यासकांनी सुचविले आहे. ह्या सुलतानास १४५३ च्या सुमारास पायाला दुखापत होऊन तो दीर्घकाळ महालातच राहिला, तो मेल्याची वार्ता पसरली आणि त्याचा नातलग जलालखान ह्याने तेलंगणात बंड केले, असा वृत्तांत बहमनी इतिहासात आढळतो. मांडीवरील स्फोटक आणि पायाची दुखापत ह्यांचे साम्य लक्षणीय आहे. मात्र त्यावरून फार पुढे जाता येत नाही. सुलतान १४५८ मध्ये मरण पावला आणि गुरूंचे प्रयाण १४५९ च्या आरंभीचे मानले जाते; उलट चरित्रात राजाची भेट प्रयाणाच्या अगदी लगतची आहे. चरित्रातील घटनाक्रम अर्थाच्या सोयीने लावलेला असतो, ह्याचे हे एक उदाहरण समजावे. राजाचे नावही ग्रंथात नाही.

ह्याच सुलतानाविषयी फेरिश्त्याने दिलेली दुसरी माहिती प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अधिक उद्बोधक आहे. त्याने बीदर येथे रुग्णालय उभारले, त्याच्या खर्चासाठी गावांचे उत्पन्न लावून दिले आणि त्यावर हिंदू व मुसलमान अशा दोन्ही वैद्यांची नेमणूक केली. तत्कालीन दख्खनमध्ये युनानी आणि आयुर्वेदीय चिकित्सा एकाच छपराखाली चालत होत्या, असा ह्याचा अर्थ होतो. ज्याच्या राजधानीत असे रुग्णालय होते, त्या राजालाही लोकस्मृतीने गाणगापुरास पाठविले. शेजारीच गुलबर्ग्यास १४२२ मध्ये कालवश झालेल्या ख्वाजा बंदेनवाज गेसूदराज ह्यांचा दर्गा होता आणि बहमनी घराण्याचा सूफी सत्पुरुषांवर मोठा भरवसा होता. तेव्हा राजाने संन्याशाच्या दर्शनास जावे, ह्यात त्या काळच्या श्रोत्यास अशक्य असे काही वाटले नसावे.

कथेचा गाभा मात्र स्फोटकापेक्षा त्या हाकेत आहे. राज्याच्या वैभवात हरवलेल्या मनुष्यास त्याच्या मूळ नावाने कोणीतरी ओळखले, आणि व्याधी त्याच्या ध्यानातूनच गेली. ती देहावरून गेल्याचे त्याला नंतर कळले. आतले स्वास्थ्य आधी आणि बाहेरचे मागाहून, हा क्रम ग्रंथकाराने येथे उघड मांडला आहे.

(५)

ह्या कथांच्या मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे नोंदविल्या पाहिजेत. पापामुळे रोग होतो, हे गृहीत ग्रंथ कोठेही सोडीत नाही. त्या पापाच्या ओझ्यातून तो रोग्याची सुटका करतो, परंतु ते ओझे मुळात चुकीचे होते असे म्हणत नाही. रोगमुक्त झालेले बहुतेक लोक ब्राह्मण आहेत. राजाच्या भेटीनंतर गुरूंना गुप्त व्हावेसे वाटते, त्याच्या कारणांत यवनांचे येणे हेही एक आहे. माहूरच्या क्षयी तरुणाच्या कथेत त्याची पत्नी पतीइतकेच अन्न आणि पतीचेच औषध घेऊन त्याच्यासारखी कृश होते. गाणगापुरास पती मरण पावल्यावर तिला सतीधर्माचा व विधवाधर्माचा दीर्घ उपदेश ऐकावा लागतो आणि मगच पती सजीव होतो. सेवा करणाऱ्या स्त्रीच्या दुःखाला ह्या ग्रंथात स्थान आहे. परंतु तिला स्वतःच्या दुःखाविषयी बोलण्याची मोकळीक नरहरी किंवा नंदी ह्यांच्याइतकी नाही.

गाणगापूरची परंपरा अद्याप चालू आहे. संगमस्नान, औदुंबराची सेवा, माधुकरी आणि सात दिवसांचे गुरुचरित्राचे पारायण ह्यांसाठी महाराष्ट्र व कर्नाटकातून लोक तेथे जातात. बाधा झालेली समजली जाणारी माणसे आरतीच्या वेळी मंदिरात आणली जातात. अशा ठिकाणी रोग्याला विसावा मिळतो आणि नातलगांची उमेद टिकते, हे खरे. परंतु श्रद्धास्थानाच्या आश्रयाने रोग्याची विटंबनाही होऊ शकते. तमिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याच्या परिसरातील एका खाजगी आश्रयगृहास ऑगस्ट २००१ मध्ये आग लागली, तेव्हा साखळदंडांनी बांधून ठेवलेले २८ मनोरुग्ण मृत्युमुखी पडले. २०१७ च्या मानसिक आरोग्यविषयक कायद्याने रोग्याला साखळीने बांधण्यास मनाई केली. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवणे योग्य होईल. वासरच्या ब्राह्मणाला गुरूंनी पंक्तीत बसविले होते. त्याला कोठे बांधून ठेवले नव्हते.

कुष्ठाच्या बाबतीत आज औषधाचा प्रश्न सुटलेला आहे. १८७३ मध्ये हॅन्सेनने त्याचा जंतू शोधून काढला आणि १९८० नंतरच्या दशकात रूढ झालेल्या बहुविध औषधोपचाराने हा रोग पूर्णपणे बरा होतो. नंदीचे श्वेतकुष्ठ, म्हणजे कोड, हा तर संसर्गजन्य रोगच नव्हे. असे असूनही १८९८ चा कुष्ठरोग्यांविषयीचा कायदा रद्द होण्यास २०१६ साल उजाडावे लागले, आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण मानणारी तरतूद २०१९ मध्ये निघाली. जंतू गेल्यावरही समाजाच्या मनातील डाग किती वर्षे टिकला, हे ह्या तारखांवरून कळून येते.

नंदीच्या मांडीवर उरलेल्या डागाचा विचार ह्या संदर्भात केला, तर गुरुचरित्रातील रोगकथांचे ऐतिहासिक मोल ध्यानात येते. त्या कथा औषधविद्येचा पर्याय नव्हेत; वैद्यांनी काय केले हे त्या सांगतात आणि तेथून पुढे जातात. देह बरा झाल्यावर मनुष्य आपल्या माणसांत परत कसा येतो, हा त्यांचा विषय आहे. पंक्तीतले पान, रोज पाणी घालावयाचे लाकूड, जुन्या नावाने मारलेली हाक आणि जिभेवर आलेली वाणी, हे त्यांनी सांगितलेले उपाय होत. पंधराव्या शतकातील रोग्याला श्रद्धेने जे स्वास्थ्य मिळाले असे ही परंपरा सांगते, ते ह्या चार गोष्टींच्या द्वारे मिळाले. आणि ज्या ग्रंथाने त्याची नोंद केली तो ग्रंथही एका खिन्न मनुष्याला बरे करण्यासाठीच सांगितला गेला होता.